पेडल दगडासारखं, तरी गाडी थांबेना

ड्रॅग रेसच्या स्टार्ट लाइनवर गाडी लावली, डाव्या पायाने ब्रेक दाबून धरला, उजव्याने हळूहळू थ्रॉटल वाढवला, टॅकोमीटरचा काटा २००० आरपीएमच्या जरा पुढे गेला आणि गाडी सरकली. वीतभर सुद्धा नाही. पण पुढचं चाक स्टेजच्या बीममधून (लाइनवरच्या प्रकाशकिरणातून) बाहेर पडायला तेवढं बास होतं, हिरव्याच्या आधी लाल दिवा, रन गेली. असं एकदा नाही, सलग तीन वेळा झालं आणि मग मी तेच केलं जे सगळे करतात, विचार न करता पार्ट्स विकत घेतले.

माझ्या गाडीत ट्रान्सब्रेक नाही. ट्रान्सब्रेक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून आउटपुट शाफ्टच जाम करून टाकायचा, बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उडते. ते असलं की ब्रेकचं टेन्शनच नाही. पण मी फूटब्रेकवाल्या, म्हणजे गाडी पायाच्या ब्रेकनेच धरायच्या क्लासमध्ये पळवतो, तिथे ते चालत नाही, त्यामुळे सगळी मदार पायावर.

पहिली चूक पॅडची. रेसिंग पॅड म्हणजे भारीच असणार असं धरून चाललो आणि सर्किटवाल्यांचे पॅड टाकले. ते पॅड तापल्यावर चावतात, गार असताना साध्या रस्त्यावरच्या पॅडपेक्षाही कमी धरतात, आणि लाइनवर उभं राहताना मागची डिस्क तापलेली असते कुठे? आपल्याला इथे गार पॅडची पकड हवी, बाकी काही नको. दुसरी चूक अजून मजेशीर, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराचं तेलाच्या प्रेशरमध्ये रूपांतर करणारा) १ इंच बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा होता, तो काढून १.१२५ इंचाचा लावला, का तर मोठा म्हणजे ताकद जास्त. पेडल एकदम कडक झालं, दगडावर पाय ठेवल्यासारखं, मी खूश. आणि गाडी आता १८०० लाच सरकायला लागली!

तेव्हा मित्र म्हणाला, अरे आधी बघ तरी नक्की काय फिरतंय ते. पुढच्या आणि मागच्या टायरच्या साइडवॉलवर खडूने एकेक उभी रेघ मारली, तो बाजूला लांब उभा राहिला, मी थ्रॉटल दिला. पुढच्या टायरची रेघ उभीच्या उभी, टायर जाम, नुसता घासत पुढे गेला. मागची रेघ मात्र घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. म्हणजे पुढचे ब्रेक त्यांचं काम करत होते, पण पुढचे टायर बोटभर रुंदीचे, वजनही पुढे कमी, ते रस्त्याला धरणार तरी किती. इंजिनचा जोर मागच्या एक्सलवर येतो, तो तिथेच मारायला हवा. (दोन्ही चाकांच्या रेघा फिरल्या असत्या तर पुढचे ब्रेक पण ढिले असं समजायचं.)

मग ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) काढून त्या जागी मागच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) प्रेशर गेज लावला. माझ्या मते ही पहिली खरेदी असायला हवी होती. जीव खाऊन पेडल दाबलं, काटा ४०० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास जाऊन थांबला. फूटब्रेकवाले १००० च्या गप्पा मारतात आणि माझं ४००.

हिशोब अगदी शाळेतला निघाला. माझा पाय समजा १०० पाउंड जोर लावतो, म्हणजे ४५ किलो. पेडलचा रेशो किती? पिव्हटपासून पाय ठेवतो त्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले पिव्हटपासून पुशरॉडच्या भोकापर्यंतचं अंतर. टेप लावली, १२ इंच आणि ३ इंच, म्हणजे ४. गाडीला आधी व्हॅक्यूम बूस्टर होता, मोठा कॅम टाकल्यावर आयडलला व्हॅक्यूमच उरला नाही म्हणून मी बूस्टर काढून टाकला होता, पण पेडल राहिलं बूस्टरवालंच, कमी रेशोचं! तर १०० गुणिले ४ म्हणजे ४०० पाउंड, आणि १.१२५ इंच बोअरचा एरिया जवळजवळ १ चौरस इंच, म्हणजे ४०० पीएसआय. गेज बरोबर होता, गाढव मी होतो. जुन्या १ इंचाच्या सिलिंडरवर हेच ५०० च्या वर गेलं असतं, म्हणजे पैसे देऊन मी १०० पीएसआय घालवले आणि वर कडक पेडलवर खूश झालो.

कडक पेडल म्हणजे जोरदार ब्रेक हे डोक्यातून काढायला मला वेळ लागला. मोठा बोअर कमी हालचालीत जास्त तेल ढकलतो म्हणून पेडल लगेच टणक लागतं, पण तोच जोर जास्त एरियावर पसरतो म्हणून प्रेशर कमी. लहान बोअरला पेडल जास्त खाली जातं आणि जरा मऊ लागतं.

म्हणून ०.८७५ इंचाचा सिलिंडर आणला आणि पेडलला वर, पिव्हटपासून २ इंचावर नवीन भोक पाडलं, रेशो झाला ६. काही जुन्या पेडलना कंपनीतूनच दोन भोकं असतात, माझ्याला नव्हतं. इथे दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. एक म्हणजे भोक वर गेलं की पुशरॉड तिरका होतो आणि पिस्टनला बाजूने रेटतो, म्हणून सिलिंडरच थोडा उचलून बसवावा लागला. दुसरं, पुशरॉडला किंचित फ्री प्ले (मोकळी हालचाल) ठेवावाच लागतो, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जात नाही आणि ब्रेक धरून राहतात. आता गेजवर ९५० येतं, कागदावर १००० होतं.

तरी २५०० ला एकदा सरकली. चाकं काढली तर डाव्या मागच्या पॅडवर चकाकी, बोटाला गिअर ऑइलचा वास, एक्सलचं सील गळत होतं. मागे स्पूल आहे, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे एकटा उजवा ब्रेक सगळा भार ओढत होता. सील बदललं, पॅड फेकून साधे गार असताना चांगले धरणारे टाकले, नीट बेड केले, म्हणजे डिस्कवर घासून बसवले.

ड्रमवाल्यांनी हसायची गरज नाही पण हसू शकतात, कारण पुढे फिरणारा ड्रम स्वतःच शूला आत ओढून घेतो आणि व्यवस्थित ॲडजस्ट केलेला ड्रम उभं राहायला मस्त धरतो. माझ्याकडे डिस्क आहेत, आता कोण बदलतंय.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा) पण बघा, कंपनीवाला असेल तर तो ठरावीक प्रेशरच्या वर मागचं प्रेशर कापतो, म्हणजे तुम्ही पुढे कितीही जमवा, मागे तेवढं पोचत नाही. मी ॲडजस्टेबल लावून पूर्ण उघडला. पण मागे एवढं प्रेशर गेलं की ट्रॅकच्या शेवटी ब्रेक मारताना मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी व्हायची भीती असते, म्हणून आधी कमी वेगात, मग वाढवत वाढवत चार-पाच वेळा थांबवून बघितलं आणि शेवटी व्हॉल्व्ह दीड फेरा परत आवळला. ही टेस्ट न करता थेट रन मारू नका प्लीज.

आणि फुल थ्रॉटलवर पायाने गाडी धरायची स्वप्नं बघू नका. इंजिन ५०० न्यूटन-मीटर देतंय असं धरा, टॉर्क कन्व्हर्टरने (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) दुप्पट केलं, पहिला गिअर २.४८, एक्सल ४.१०, मागच्या चाकांवर १०,००० च्या वर जातं. माझे दोन मागचे कॅलिपर मिळून कसेबसे २,००० धरत असतील. शिवाय तसं उभं राहिलं की सगळी पॉवर कन्व्हर्टरमध्ये उष्णता होते आणि गिअरबॉक्सचं तेल काही सेकंदांत भयंकर तापतं.

गेल्या वेळी परत खडूची रेघ मारली. २८०० पर्यंत दोन्ही रेघा उभ्या राहिल्या, २९०० ला मागची हलली. मी आता २६०० वर सोडतो.