आधी सीट ठरवा, मग गाडी

माझी नणंद नाशिकला असते. तिचा मुलगा आता दीड वर्षाचा होईल आणि घरात नवी गाडी घ्यायचं चाललंय. परवा तिचा मेसेज आला, "वहिनी, गाडी कुठली घेऊ ते सांग. कारसीटचं मागाहून बघू." मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, अगं, उलट कर. आधी सीट ठरव, आणि ती ज्या गाडीत नीट बसेल ती गाडी घे. तिला ते पटलं नाही. लाखांची वस्तू हजारांच्या वस्तूवरून कुणी ठरवतं का, असा तिचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. फोनवर उत्तर पुरं पडलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. अशीच विचारणा आणखी दोघी-तिघींनी केली आहे.

हे मला स्वीडनमध्ये, आम्ही राहतो त्या गोथेनबर्गच्या एका दुकानात कळलं. मुलगी बाळाच्या सीटमध्ये मावेनाशी झाली होती आणि त्याच सुमारास आम्ही गाडीही बघत होतो. एक वापरलेली एसयूव्ही आम्हा दोघांनाही आवडली होती. उंच, ऐसपैस, सुरक्षेचे पाच तारे. विकणाऱ्याने ती अर्धा दिवस चालवून बघायला दिली, तर म्हटलं वाटेत सीटचंही काम उरकून टाकू. कुठली सीट घ्यायची ते मी आधीच ठरवलं होतं.

दुकानातल्या बाईंनी सीटला हातच लावला नाही. मुलीची उंची विचारली, मग वजन. मग गाडी कुठली, कुठल्या साली बनलेली, पुढे ड्रायव्हरशेजारी कोण बसतं आणि ते किती उंच आहेत. माझा नवरा सहा फुटी, हे ऐकून त्या जरा थांबल्या. मग दोन सीट दोन हातांत घेऊन थेट पार्किंगमध्ये आल्या. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. त्यांनी मागचं दार उघडलं, पायाखालचा मॅट बाजूला केला आणि फरशीवर बोटांनी टकटक केली. पोकळ आवाज आला. तिथे झाकण होतं, झाकणाखाली सामान ठेवायचा कप्पा. मी निवडलेल्या सीटला खाली टेकणारा एक लोखंडी पाय असतो, तो नेमका त्या झाकणावर येत होता. धडक बसली की सगळा भार त्या पायावर येतो. झाकण खचलं तर सीट पुढे कलंडते. सीट बनवणाऱ्या कंपनीची गाड्यांची यादी त्यांनी फोनवर उघडून दाखवली. त्यात या मॉडेलच्या मागच्या जागा नव्हत्या.

मग दुसरी सीट. हिला पाय नव्हता, पुढच्या खुर्चीच्या रुळांना पट्ट्यांनी बांधायची होती. ओल्या जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी ती बांधली आणि माझ्या नवऱ्याला पुढे बसायला सांगितलं. सीटला जागा करायला पुढची खुर्ची इतकी पुढे घ्यावी लागली की त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्या म्हणाल्या, "या गाडीसाठी मी तुम्हाला यातली एकही सीट देणार नाही. गाडी अजून घेतली नसेल तर दुसरी बघा. बघायला जाल तेव्हा ही सीट सोबत घेऊन जा, मी देते."

आणि खरंच दिली. पैसे न घेता, नुसता नाव-पत्ता लिहून. हे मी कितीदा सांगितलं तरी माझं समाधान होत नाही. आपल्या नाशिकच्या मेन रोडवरचा साडीवाला गिऱ्हाइकापुढे शंभर घड्या मोडतो, त्या चिकाटीचा मला अभिमान आहे आणि तसं अगत्य इथे क्वचितच मिळतं. पण हातात आलेला पाच हजार क्रोनरचा (स्वीडनचं चलन) सौदा "तुमच्या मुलीला हे योग्य नाही" म्हणून परत करणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही ती एसयूव्ही घेतली नाही. पुढच्या प्रत्येक गाडीत आधी ती सीट बसवून पाहिली आणि शेवटी एक जुनी ऑक्टेव्हिया वॅगन घेतली. तिच्यात मागे जागा पुरली आणि पुढच्या सीटसमोरची एअरबॅग किल्लीने बंद करता येते. सीट घ्यायला परत गेलो तेव्हा बाईंनी ती स्वतः बसवली, काढली आणि मग मला बसवायला लावली. माझ्या हाताने घट्ट बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ही सीट उलटी असते, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. इथे निदान चार वर्षांची होईपर्यंत मुलांना असंच बसवा असा सल्ला आहे आणि बरेच जण तो पाळतात. युरोपच्या आर-१२९ नियमाप्रमाणे सक्ती फक्त पंधरा महिन्यांपर्यंत आहे, पण स्वीडन तिथे थांबत नाही. याचं मूळ आमच्याच शहरात आहे. इथल्या चाल्मर्स विद्यापीठाचे प्राध्यापक बर्तिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात उलट्या सीटचा पहिला नमुना केला. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर टेकून बसत, म्हणजे उड्डाणाचा जोर सगळ्या पाठीवर वाटला जाई. ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची. तोंड पुढे करून बसवलं तर धडकेत पट्टा धड धरून ठेवतो, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात. इथल्या व्हीटीआय या रस्ते-वाहतूक संशोधन संस्थेची 'प्लस टेस्ट' मानेवरचा हाच ताण मोजते, आणि तोंड पुढे असलेली एकही सीट त्यात पास झालेली नाही.

"पण पाय अवघडतात ना गं तिचे," असं माझ्या सासूबाई प्रत्येक व्हिडिओ कॉलवर म्हणतात. आई, मुलं मांडी घालून बसतात, पाय वर टेकवतात. आपण मोठी माणसं तसं बसलो तर अवघडू, त्यांना काही होत नाही. मागच्या काचेतून तिला झाडं, ट्राम, मागून येणारी गाडी, सगळं दिसतं.

गाडीत बाळाला मांडीवर घेण्याबद्दल एकच हिशेब सांगते. ताशी ५० किलोमीटरने धडकणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं, वेग तितकाच होतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर दहा किलोचं बाळ सरासरी १४० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत, मग माया कितीही असो.

इथल्या एका सहकाऱ्याने मला स्कूटरवर चौघांचं कुटुंब असलेला एक भारतीय व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडे मुलांची काळजी करत नाहीत का? मला तो प्रश्न फार लागला. त्या स्कूटरवरचा बाप मुलाला शाळेत पोहोचवत असतो, दवाखान्यात नेत असतो. त्याच्यापुढे गाडी की स्कूटर असा पर्यायच नसतो. आणि स्वीडनमध्ये तरी हे आपोआप कुठे झालं? १९५९ साली व्हॉल्वोच्या नील्स बोलीन यांनी तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणला. १९८०च्या दशकात विमा कंपन्या नवजात बाळांच्या सीट स्वस्त भाड्याने देऊ लागल्या. १९९७ मध्ये संसदेने ठराव केला की रस्त्यावर कुणी मरता किंवा गंभीर जखमी होता कामा नये. त्यामागे चार दशकांचं काम आहे, पैसा आहे आणि लोकसंख्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडे २०१४ मध्ये गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या पहिल्या चाचणीत खपाच्या पाच गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला पाच मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. चार वर्षांत शून्यावरून पाच. हे मी त्या सहकाऱ्याला सांगितलं, आकड्यांसकट.

पण गाडी परवडणाऱ्या घरात बाळ पुढच्या सीटवर मांडीवर असतं, त्याला मात्र गरिबीचं कारण नाही. समृद्धीवर गाडीला ताशी १२०ची मुभा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या पट्ट्याबद्दल बोलले. मुलांच्या सीटबद्दल तेव्हाही कुणी बोललं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड, हा कायदा २०१९पासून आपल्याकडे आहे.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला आलो तेव्हा सीट विमानातून आणली आणि दिरांच्या गाडीत बेल्टने बसवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, लेकराला पाठमोरं का बसवलंस?" दुपारी त्याच काकू स्वतःच्या नातवाला घेऊन बघायला आल्या आणि पट्टा कसा ओढतात ते विचारून गेल्या. पंचवटीत रिक्षाने गेलो तेव्हा मात्र मुलगी माझ्या मांडीवरच होती. रिक्षात सीट बांधायला जागाच नाही, गल्लीत वेगही सायकलीइतका. त्या फेऱ्यांबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही.

थंडीबद्दल एक सांगायचं राहिलं. इथे मुलांना जाड जाकीट काढूनच सीटमध्ये बसवतात, कारण कापूस दबला की पट्टा सैल पडतो. नाशिकच्या थंडीत बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवायची सवय असते, तिथेही तेच. आधी पट्टा अंगाला लागून घट्ट करायचा, खांद्यापाशी चिमटीत त्याची घडी येता कामा नये. मग वरून दुपटं घालायचं.

तर शोरूमला जाताना मुलाची सीट गाडीत घेऊन जा. अजून घेतली नसेल तर कुणाची तरी मागून न्या. विक्रेता सनरूफ दाखवेल. त्याला मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते विचारा आणि स्वतः बोटांनी चाचपून बघा. सीट उलटी बसवा, पुढची खुर्ची मागे घ्या आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिच्यात बसवा. फरशीवर टकटक करा. भारत एनकॅपच्या निकालात मोठ्यांचे गुण ३२पैकी आणि मुलांचे ४९पैकी वेगळे छापलेले असतात, त्यातले मुलांचे वाचा. तारे कुठल्या वर्षीचे आहेत तेही बघा, कारण चाचणी दर काही वर्षांनी कडक होते. आणि पुढे एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट तिथे अजिबात लावू नका. एअरबॅग फुटली तर ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. चांगली उलटी सीट इथे ४ ते ६ हजार क्रोनरला, म्हणजे साधारण पन्नास हजार रुपयांच्या आसपास पडते. भारतात स्वस्तातही मिळतात. सनरूफवाला प्रकार सोडून खालचा घेतलात तर तेवढे पैसे त्यातूनच निघतात.