मोहोर तोडण्यापासून पाऊलखुणा पुसण्यापर्यंत: इजिप्तची पहाटपूजा

प्राचीन इजिप्तची देवळं दर्शनासाठी बांधलेली नव्हती. सामान्य माणूस सहसा बाहेरच्या प्रांगणापर्यंतच जायचा. आतल्या मूर्तीत देव वास करतो आणि त्याची रोजची सेवा चुकली तर विश्वाची घडी विस्कटते, ही त्यामागची श्रद्धा.

पुजाऱ्याची तयारी कडक असे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, पुजारी दर तिसऱ्या दिवशी अंगभर केस काढत, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने आंघोळ करत. वस्त्र लिननचं, वहाणा पपायरस या लव्हाळ्याच्या. तोंडाच्या शुद्धीसाठी नॅट्रॉन, म्हणजे नैसर्गिक सोडा.

पहाटे गाभाऱ्याच्या दारावरची दोरी आणि मातीची मोहोर तोडायची, मग अडसर सरकवायचा. मंत्रात हा अडसर सेथचं, म्हणजे गोंधळाच्या देवाचं, बोट ठरतो. तो ओढणं म्हणजे सेथचा शत्रू असलेल्या होरस देवाच्या डोळ्यातून ते बोट काढणं. साधं दार उघडण्याला असा अर्थ देणारी ही कल्पना मला फार मोठी वाटते. पुढे दंडवत, स्तोत्र आणि माआतची, म्हणजे सत्य आणि सुव्यवस्थेच्या देवीची, छोटी मूर्ती अर्पण करणं. कालचं तेल पुसायचं, जुनं वस्त्र उतरवायचं, पांढऱ्या, हिरव्या, लाल कापडांनी मूर्ती सजवायची. सुगंधी तेल करंगळीने लावायचं. धूप, पाणी, नॅट्रॉन आहेतच.

नैवेद्य वाया जात नसे. देवापुढून तो इतर मूर्तींपुढे जाई, शेवटी पुजाऱ्यांच्या वाट्याला येई. त्यांच्या उत्पन्नाचा तो महत्त्वाचा भाग होता.

भिंतींवरची चित्रं वाचताना दोन चुका हमखास होतात. अबायडोस या तीर्थस्थळी सेती पहिला या राजाच्या देवळात प्रत्येक विधी राजाच करताना दिसतो, म्हणून तो रोज येत असे असं वाटतं. एकाच पहाटे सगळ्या देवळांत तो कसा असणार? पुजारी त्याच्या वतीने उभा राही आणि 'मला राजाने पाठवलं आहे' असं देवाला सांगे. दुसरी चूक क्रमाची. कर्नाकच्या देवळातल्या अमून देवाच्या पूजेचा पाठ बर्लिनमध्ये असलेल्या पपायरसच्या गुंडाळीवर ६६ भागांत आहे, पण त्याचा क्रम अबायडोसच्या भिंतींशी तंतोतंत जुळत नाही. एकच मांडणी अंतिम धरू नये.

शेवटी पुजारी मागे वळून पाहत, झाडू ओढत बाहेर पडे. गाभाऱ्यात माणसाचं पाऊल उमटलेलं राहता कामा नये. मग दार बंद, दोरीला गाठ आणि ओल्या मातीवर नवी मोहोर.