मूल बोलत नाही, तर तपासणी कुठून सुरू करायची? कोल्हापुरातला आमचा अनुभव

आमच्या मुलाच्या बोलण्याची पूर्ण तपासणी आम्ही कोल्हापुरात करून घेतली. ती कोणत्या क्रमाने होते, कुठे गफलत होते आणि घरी काय करावं लागतं, ते लिहून ठेवतेय. सगळ्यात आधी कान, मग समज आणि खुणा, आणि शेवटी बोलणं, हा क्रम सोडू नका. बहुतेक घरांत उलटं होतं. शब्द मोजत वर्ष जातं आणि कान तपासायचे राहून जातात.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने 2022 मध्ये सुधारलेला तक्ता आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समोर ठेवला होता. नऊ महिन्यांना हाक मारल्यावर बघणं आणि 'मामामा', 'बाबाबा' अशी बडबड. वर्षाला टाटा करणं. सव्वा वर्षाला एक-दोन शब्द आणि हवं ते बोटाने मागणं. दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन तरी शब्द. दोन वर्षांना 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडून. अडीच वर्षांना साधारण 50 शब्द. हा तक्ता सरासरीचा नाही. त्या वयाच्या किमान 75 टक्के मुलांना जे जमतं, तेच त्यात घेतलंय. म्हणून यात मागे असेल तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून सोडून देऊ नये. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण तपासणीची वेळ मुलगा-मुलगी दोघांना तीच.

काही गोष्टींसाठी तर वाट बघायचीच नाही. वर्ष उलटलं तरी हाकेला वळत नाही. दीड वर्षाला बोट दाखवून 'ते बघ' करत नाही. आणि येत असलेले शब्द गेले, मग वय कितीही असो. यातलं एक जरी असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आता कान. "कुकरची शिट्टी झाली की दचकतो, ऐकायला येतंय की त्याला" असं घरोघरी म्हणतात. शिट्टी, मिक्सर, बुलेटचा आवाज मोठा असतो. मध्यम प्रमाणात ऐकू कमी येणाऱ्या मुलालाही तो कळतो. 'स', 'श', 'फ' मात्र निसटतात आणि शब्द अर्धवट पोचतात. जन्मानंतरची तपासणी 'पास' होती, हेही पुरेसं नाही, कारण काही मुलांची श्रवणशक्ती नंतर कमी होते. बाळ काचेत होतं, मोठी कावीळ झाली होती, मेंदूज्वर होऊन गेला किंवा घरात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही, तर हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं.

तपासण्या मुख्यतः दोन. पहिली ओएई. कानात मऊ टोकाची नळी ठेवतात आणि अंतर्कर्णातून उलट येणारा बारीक आवाज यंत्र टिपतं. मूल शांत असेल तर काही मिनिटांत होते. कानात मळ किंवा सर्दीमुळे पडद्यामागे पाणी असेल तर 'रेफर' असं येतं. त्याचा अर्थ बहिरेपण नव्हे, पुढे तपासा एवढाच. दुसरी बेरा. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि तो कमी कमी करत नेतात. मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची पाचवी लहर किती डेसिबलपर्यंत दिसते, ते अहवालात येतं. 30 किंवा त्याखाली दिसली तर साधारणपणे ठीक धरतात. ओएई पास आणि बेरा खराब असंही होतं. तेव्हा कानातल्या पेशी चालू असतात, पण मज्जातंतूचा संदेश विस्कटलेला असतो. म्हणून बोलणं मागे असेल तर एका ओएईवर समाधान मानू नये.

बेरा फिसकटते ती झोपेमुळे. मूल हललं, चोखलं, रडलं की स्नायूंचे संकेत मिसळतात आणि लहरी वाचता येत नाहीत. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवायचं आणि दुपारची झोप होऊ द्यायची नाही. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत डुलकी लागली की संपलंच, म्हणून मागे मुलाजवळ एकाने बसून त्याला बोलतं ठेवायचं. कपाळाला आणि कानामागे तेल, पावडर, काजळाची तीट काही नको, इलेक्ट्रोड धरत नाही. झोपेचं सिरप तिथेच, वजनानुसार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. घरून पाजून न्यायचं नाही. दूध आणि खाणं किती वेळ आधी बंद करायचं, हे फोनवर विचारून घ्या. ताप, खोकला, छाती भरलेली असेल तर तारीख पुढे ढकला.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे आणि शहरात खासगी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञही आहेत. बेरासाठी तारीख लागते, तेव्हा आधी विचारून जावं. खेड्यावरच्यांनी अंगणवाडी सेविकांना सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलं तपासतं आणि पुढे पाठवतं, त्यातले उपचार मोफत असतात. स्पीच थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. पदवीचं नाव साधारणतः बीएएसएलपी असतं.

समजेची तपासणी घरीच करता येते, पण तिथे मोठी माणसं फसतात. आपण गाडीची किल्ली हातात घेऊन "चल, भुर्र जाऊया" म्हणतो आणि मूल दाराकडे धावतं. त्याला शब्द नाही, किल्ली कळलेली असते. म्हणून हात मांडीवर, नजर मुलाच्या तोंडाकडे, आणि एकदाच सांगायचं: "चप्पल आण." चपलेकडे बघायचं नाही, मान हलवायची नाही. दीड वर्षाला एवढं जमायला हवं. आमच्या थेरपिस्टनी पहिल्या भेटीत बराच वेळ हेच बघितलं. खेळणं कसं वापरतो, गाडी चालवतो की नुसतं चाक फिरवत बसतो, काही आवडलं की आईकडे वळून बघतो का. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 हो-नाही प्रश्नांची चाळणीही भरून घेतात, ती ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता बघण्यासाठी. 0 ते 2 गुण म्हणजे धोका कमी, 3 ते 7 आले तर पुढचे प्रश्न, 8 पासून थेट सविस्तर तपासणी. ही चाळणी आहे, निदान नाही.

जाताना शब्दांची यादी आणि घरातले एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या, कारण अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं. यादीत शब्द कोणता धरायचा? जो मूल त्याच अर्थाने पुन्हा पुन्हा वापरतं तो. कुत्र्याला 'भू', म्हशीला 'हम्मा', पावसाला 'पाऊ', हे सगळे शब्दच. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही असतील तर दोन्हीकडचे मिळून मोजा. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, त्यासाठी आजीची भाषा बंद करायची गरज नाही. उलट 'वन टू थ्री' आणि एबीसीडी पाठ म्हणणारं, पण तहान लागली तर पाणी न मागता येणारं मूल, या यादीत मागेच असतं.

जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चार अडतात, पण तेवढ्याने मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही. जिभेला मधात वेखंड चोळूनही बोलणं येत नाही, आणि वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं आहे.

थेरपी आठवड्यात थोडाच वेळ असते, खरं काम घरात. आम्हाला सुरुवातीला आठ शब्द दिले: दे, ये, नको, अजून, उघड, पाणी, संपलं, वर. रंग आणि फळांची चित्रं त्यात नव्हती. मुलाला ज्याची गरज पडते तोच शब्द आधी येतो. लाडवाच्या डब्याचं झाकण घट्ट लावून डबा त्याच्या हातात द्यायचा. मूल डबा पुढे करेल. आपण "उघड?" म्हणायचं आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड आहे. तिसऱ्या आकड्यालाच कुणीतरी उघडून देतं. 'उ' एवढं आलं तरी लगेच उघडायचं आणि "उघड, उघडलं!" म्हणायचं. "उघड म्हण, म्हटल्याशिवाय देणार नाही" असं अडवायचं नाही. मूल चिडतं आणि मागणंच सोडून देतं. ते 'गाडी' म्हणालं की आपण 'गाडी आली' म्हणायचं, एकच शब्द वाढवून.

एकत्र कुटुंबात आजीने तोंडाकडे बघताच पाणी पुढे केलं की मागायची गरज उरत नाही. आजीला दोष न देता ते आठ शब्द स्वयंपाकघरात कागदावर चिकटवा आणि कामही तिच्याकडेच द्या; तिच्याकडे वेळ असतो. भारतीय बालरोग अकादमीच्या 2021 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली मोबाईल-टीव्ही नाहीच, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मोबाईल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, जेवताना तर तो हमखास बाजूला ठेवावा.

तीन महिन्यांनी यादी पुन्हा मोजायची. नवे शब्द आले नाहीत तर घरचा सराव आणि तपासणी दोन्ही पुन्हा बघायला सांगा. पडद्यामागे पाणी असेल आणि ते तीन महिन्यांत गेलं नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे परत जावं लागतं. बोलणं वेग घेऊ लागलं की अडीच-तीन वर्षांच्या सुमारास काही मुलं "मी मी मी जाणार" असं अडखळतात. तेव्हा "नीट बोल" म्हणून थांबवू नका, वाक्य पूर्ण होईस्तोवर ऐका. सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, तर तेही त्याच थेरपिस्टना दाखवा.