रिकामी बाटली, मोडकी छत्री

दिवाळीत लोक बाटलीत रॉकेट ठेवून उडवतात. आम्ही बाटलीच उडवतो.

आम्ही म्हणजे ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी, आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांतली मिळून दहा-बारा माणसं. त्यात चौथीतला एक मुलगा आहे. गेज असलेला उभा पंप घेऊन येतात म्हणून ‘पंपवाले काका’ झालेले एक निवृत्त बँकवाले आहेत. जन्मभर गणित शिकवून आता मोकळ्या झालेल्या एक बाई आहेत. आणि मी आहे. रजिस्ट्रेशन नाही, वर्गणी नाही, टी-शर्ट तर नाहीच. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला जवळच्या एका रिकाम्या प्लॉटवर जमायचं, एवढाच नियम. सहाला, कारण साडेसातला क्रिकेटवाले येतात. एका प्लॉटवर चार मॅचेस सुरू झाल्या की पाचव्या खेळाला फक्त आकाश उरतं, आणि तेही सिक्सरसाठी राखीव असतं.

घरी याला ‘तुमचं ते बाटलीचं’ म्हणतात. पाहुण्यांसमोर म्हणतात तेव्हा मला खुलासा करावा लागतो.

तर खुलासा असा. थंड पेयाची मोठी प्लास्टिकची बाटली घ्यायची. साध्या पाण्याची चालत नाही, ती मऊ असते, हवा भरली की फुगून फाटते. गॅसवाल्या पेयाची बाटली मुळात आतला दाब सोसायलाच केलेली असते, तिचं बूड म्हणूनच पाच पाकळ्यांचं असतं. तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरायचं, उलटी करून अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपवर बसवायची. हा पाइप बाटलीच्या तोंडात असा नेमका बसतो की दोन्ही कारखान्यांत कुणी तरी आपसात ठरवून घेतलं असावं अशी शंका येते. पाइपवर एक रबरी रिंग, म्हणजे हवा गळत नाही. बाटलीच्या मानेभोवती केबल टायचं कडं, ते तिला धरून ठेवतं. मग लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला पंपवाले काका पंप मारतात. काटा साठ पीएसआयवर आला, म्हणजे गाडीच्या टायरच्या साधारण दुप्पट, की चौथीतला मुलगा पाच-चार-तीन-दोन-एक म्हणतो आणि दोरी ओढतो. कडं सुटतं. फस्स! पाणी खाली, बाटली वर.

जवळून बघायला मिळालं तर एक गोष्ट बघा. सगळं पाणी निघून गेल्यावर उरलेली दाबातली हवाही बाहेर पडते, आणि पडताना एकदम गार होते. आतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन बाटलीत पांढरं धुकं होतं. जमिनीवर पडलेली बाटली लगेच उचलली तर त्या धुक्याचा थोडासा अंश अजून आत फिरताना दिसतो. मे महिन्याच्या ठाण्यात, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, हातात महाबळेश्वरची एक सकाळ. दोन सेकंदांत ती विरते. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस त्या बाटलीकडे धावत जातो ते यासाठी, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो आणि तिथल्या एका क्लबात खरी मॉडेल रॉकेटं उडवतो. खरी म्हणजे पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि आत दारूची तयार मोटर. या मोटरींना तिथे अक्षरं असतात. ए, बी, सी, डी. प्रत्येक अक्षराला एकूण जोर आधीच्या दुप्पटपर्यंत. मोटरीवर ‘सी 6-5’ लिहिलेलं असलं तर सी गटातली, सरासरी सहा न्यूटनचा रेटा देणारी, आणि जळून संपल्यावर पाच सेकंद थांबून पुढच्या बाजूने छोटा बार काढून पॅराशूट बाहेर ढकलणारी. पाच सेकंद थांबायचं कारण, जळणं संपलं तरी रॉकेट वर जातच असतं. त्या वेगात पॅराशूट उघडलं तर फाटेल. माथ्यावर पोचून ते क्षणभर रेंगाळतं तेव्हाच ते उघडायला हवं.

भाचा व्हिडिओ पाठवतो. मोठं शेत, एका बाजूला टेबल. त्या टेबलावर एक माणूस प्रत्येक रॉकेट हातात घेऊन पंख हलवून बघतो, नाक ओढून बघतो, मगच परवानगी देतो. कोणाचं रॉकेट पॅराशूट न उघडता सरळ खाली यायला लागलं की सगळे ओरडून सांगतात आणि शेतभर माना वर होतात. आमच्याकडेही हाच नियम आहे. आम्ही ‘अरे, वर बघा!’ म्हणतो. फरक इतकाच की आमच्याकडे ते ऐकून क्रिकेटवाले कॅचला धावतात.

मामासाठी बॅगेत चार मोटरी टाकून आणतो, असं तो एकदा म्हणाला होता. विमानात त्या हातातल्या सामानात चालत नाहीत आणि खालच्या सामानातही चालत नाहीत, हे त्यालाच नंतर कळलं. आपल्याकडे स्फोटकांचा कायदा 1884 चा आहे. पुठ्ठ्याच्या नळीतली असली तरी दारू ती दारूच. आमच्या वाट्याला म्हणून पाणी आणि हवा आली. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिकडेही या छंदाची सुरुवात काही प्रयोगशाळेत झाली नाही. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या गृहस्थांचं चपलाबुटांचं दुकान होतं. फटाक्यांच्या दारूचा नाद होता. भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानं उडवायचा, त्याला भाषणात दाखवायला रॉकेट हवं होतं. 1954 साली दोघांनी मिळून पॅराशूटने परत येणारं, पुन्हा उडवता येणारं छोटं रॉकेट केलं. बुटांच्या दुकानदाराला परत येण्याचं महत्त्व कळणारच. एक पाय गेला की दुसरा फुकट.

परत येणं. आमच्या रविवारचा तीन चतुर्थांश भाग त्यातच जातो. वर जायला फार तर तीन सेकंद लागतात. गणिताच्या बाई दोरीने मोजून चाळीस मीटरवर उभ्या राहतात. हातात कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खोडरबर. पंचेचाळीसचा कोन आला तर उंची चाळीस मीटर, अधिक बाईंच्या पायापासून डोळ्यापर्यंतचं अंतर. ते मिळवल्याशिवाय त्या आकडा देत नाहीत. मुलांना त्याच्याशी कर्तव्य नसतं, ती समोरच्या टॉवरवरून मजले मोजतात. ‘बारावा! बारावा मजला!’ बाई म्हणतात, ‘साडेअकरावा.’

बाटली एकदा वर गेली की मग झाडं, पत्रे, गटार, कंपाउंड. वारा पडलेला असला तर बरं. वारा उठतो तेव्हा रॉकेट वाऱ्याबरोबर जात नाही, उलट त्याच्या अंगावर जातं. मागचे पंख वाऱ्याने ढकलले जातात आणि तोंड वाऱ्याकडे फिरतं. मग पॅराशूट उघडलं की तोच वारा त्याला उचलून आणतो, आपल्याला ओलांडून पलीकडे नेतो. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनशी आमचे संबंध या कारणाने घरोब्याचे आहेत. बाटल्याही तोच पुरवतो. सोसायटीच्या हॉलमध्ये वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘साहेब, सहा मोठ्या आहेत.’

आणलेलं रॉकेट नंतर माझ्या डायनिंग टेबलावर येतं आणि तिथे खरा खेळ सुरू होतो. पंख बहुतेक मोडलेले असतात. ते आम्ही जुन्या बोर्डांच्या नालीदार प्लास्टिकचे करतो. निवडणूक झाली की या कच्च्या मालाची चंगळ. माझ्या एका रॉकेटच्या पंखावर अजून कुणाच्या तरी जोडलेल्या हातांचा निम्मा भाग आहे. पंख टेपने बसतात, दुसऱ्या टेपने दुरुस्त होतात, तिसऱ्या टेपने शोभतात. नाकात वजन हवं, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं. त्यासाठी गणपतीतली उरलेली शाडू माती. वजन पुरेसं आहे का ते बघायची युक्ती सोपी आहे. रॉकेट बोटावर तोलून जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ उडेल, आडवं-तिडवं फिरलं तर अजून माती. दिवाळीच्या रॉकेटची काडी हेच काम करते. चाळीत दर वर्षी एक तरी पोर ती काडी मोडून लावायचं, आणि ते रॉकेट वर न जाता आत जायचं, बहुधा ज्यांच्याकडे नुकतंच लक्ष्मीपूजन आटोपलंय त्यांच्याच घरात. ही परीक्षा गच्चीवर घ्यावी. मी पहिल्यांदा हॉलमध्ये घेतली. ट्यूबलाइट मी स्वखर्चाने बदलली.

सगळं दुरुस्त होतं, फक्त बाटली होत नाही. हे शिकायला मला एक वर्ष लागलं. आपल्या घरात न जोडण्यासारखी वस्तू नसते. एम-सील आहे, फेविक्विक आहे, सुतळी आहे. पण फेविक्विकने हे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, सॉल्डरिंगने चटका लागलेली जागा दाबाखाली तिथेच दगा देते, खरखरीत जमिनीवर घासलेल्या बाटलीला चिरेचा भरवसा नसतो. पंपवाले काका प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून बोटाने चाचपतात. तिकडच्या त्या टेबलावरच्या माणसासारखंच. ओरखडा लागला की ते बाटली परत देतात आणि म्हणतात, ‘हिला पेन्शन.’ स्वतः पेन्शनर असल्याने त्यांना तो अधिकार आहे. पेन्शनीतल्या बाटल्यांची नाकं होतात. उरल्यासुरल्या आमच्या गॅलरीत मनीप्लँट लावून बसल्या आहेत. नऊ झाल्या.

पॅराशूट मात्र बरेच दिवस जमत नव्हतं. कचऱ्याची काळी पिशवी कापून करत होतो. ठाण्याच्या दमट हवेत ती घडी घातली की स्वतःला चिकटते. टाल्कम पावडर लावली तर उघडते, पण दोऱ्या बांधलेल्या जागी फाटते. मार्च महिन्यात एकदा असंच अर्धवट उघडलेलं पॅराशूट घेऊन माझं रॉकेट शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरलं. मी जिने चढून गेलो. दार एका आजींनी उघडलं.

‘तुमचं आहे का हे?’

‘हो. माफ करा आजी, वारा जरा…’

‘कुरडया मोडल्या त्या मोडल्या. उद्या घेऊन जा. आत्ता ओलं आहे.’

दुसऱ्या दिवशी गेलो तर मशीनवर बसल्या होत्या. बाटली धुऊन पुसून ठेवलेली. काळ्या पिशवीचा बोळा कचऱ्याच्या डब्यात. आणि समोर नातीची मोडलेली छत्री, काड्यांवरून उतरवलेली. ‘पिशवीचं काय करता? हे घ्या,’ म्हणाल्या.

मी ते कापड हातात घेतलं आणि थक्क होऊन बघत राहिलो. आठ कळ्या, एकमेकींना शिवलेल्या. आठ टोकांना आठ टोप्या, जिथे काड्या अडकायच्या. तिथेच दोऱ्या बांधायच्या. आणि मधोमध, जिथून छत्रीचा दांडा वर येतो, तिथे एक गोल भोक. पॅराशूटच्या माथ्याला भोक लागतंच, नाहीतर आत कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटते आणि पॅराशूट घंटेसारखं डोलत राहतं. ते भोक किती मोठं असावं यावर मी आणि पंपवाले काकांनी दोन रविवार वाद घातला होता. छत्री करणाऱ्याने ते आधीच ठेवलं होतं.

‘एका बाजूची शिवण उसवली होती, ती मारून दिली,’ आजी म्हणाल्या. ‘दोरे गोधडीचे लावा. तो पतंगाचा मांजा नको, पक्षी असतात.’

तेव्हापासून आजी आमच्यात आहेत, मैदानावर न येता. आधी मी मोठ्या माणसाची छत्री वापरून पाहिली. शंभर ग्रॅमची बाटली त्या एवढ्या मोठ्या कापडाखाली खाली यायलाच तयार होईना, रस्त्यापलीकडे गेली. लहान मुलांची छत्री बरोब्बर. तिच्यावर कार्टून असतं, त्यामुळे हवेत शोधायलाही सोपी. गुलाबी असली तर उत्तम.

पावसाळ्यात उडवणं बंद असतं. चार महिने नुसती दुरुस्ती. पण या जूनमध्ये एक भलतीच सवय लागली आहे. ऑफिसातून येताना आमच्या बसस्टॉपजवळ शाळा सुटते. येऊरच्या डोंगरावरून पावसाची सर उतरते, रस्त्यावर वारा शिरतो आणि एखाद्या पोराची छत्री फटदिशी उलटी होते. काड्या वर, कापड खाली, पोर रडवेलं. परवा एक मुलगी अशीच उभी होती. पिवळी छत्री, त्यावर पांढरी बदकं, आठही टोप्या शाबूत. मी तिच्या आईकडे बघून तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून बायकोने, ती भाजी घेऊन येत होती, माझा शर्ट ओढला.

‘अहो, नाही,’ ती म्हणाली. ‘ती अजून दुरुस्त होईल.’