ओव्हरड्राइव्ह बदनाम, क्लच मोकाट

चढावर टॉप गिअर, ओव्हरड्राइव्ह चालू, जरा जोरात रेस दिली की आरपीएमचा काटा २,५०० वरून ३,२०० वर आणि स्पीडोमीटर ढिम्म. माझी गाडी १९६४ ची ट्रायम्फ टीआर४, गिअरबॉक्सच्या मागे लेकॉक डी नॉर्मनव्हिलचा ए-टाइप ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बटण दाबलं की त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारं जादा गिअर-युनिट. ही लक्षणं सांगितली की जुन्या गाड्यांतले जाणकार एकमुखाने निकाल देतात: "ओव्हरड्राइव्ह गेला, खोला."

मी मूळची इलेक्ट्रिकलची. खोलण्याआधी मोजायचं, ही सवय जात नाही.

या गाडीत ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर ०.८२ आहे. म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, आणि चाकांना तेवढीच ताकद पोचवायची तर त्याला टॉर्क जास्त लावावा लागतो. तो सगळा टॉर्क जातो इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लच प्लेटमधूनच. साध्या टॉपमध्ये हलक्या पायाने गाडी चालवत असाल तर झिजलेली किंवा तेलकट झालेली प्लेट कशीबशी धरून ठेवते. ओव्हरड्राइव्हमध्ये तोच चढ आला की तिचं पितळ उघडं पडतं. आळ येतो ओव्हरड्राइव्हवर, कारण बटण त्याचं दाबलेलं असतं.

म्हणून पहिली परीक्षा ओव्हरड्राइव्ह बंद करून. साधा टॉप, चढ, ज्या आरपीएमला घसरत होतं तोच आरपीएम आणि पाय तळापर्यंत. इथेही काटा वर पळाला तर दोष क्लचचाच. का, ते सांगते. ओव्हरड्राइव्ह बंद असताना पुढे ओढणारी ताकद एकाच दिशेला पकडणाऱ्या रोलर क्लचमधून जाते. ओव्हरड्राइव्हच्या आतला कोन क्लच (शंकूच्या आकाराचा, घर्षणाने पकडणारा) त्या वेळी झिजलेला असला तरी ओढताना कळत नाही. कळतो तो पाय काढल्यावर. उतारावर इंजिन ब्रेकिंग गायब, गाडी न्यूट्रलमध्ये सुटल्यासारखी, आणि रिव्हर्सला नीट ओढत नाही, असं असेल तर कोन क्लच किंवा त्याच्या स्प्रिंगांकडे बघा. माझ्या गाडीचं इंजिन ब्रेकिंग ठणठणीत, रिव्हर्स ठणठणीत आणि साध्या टॉपमध्ये पूर्ण रेसला काटा पळाला. ओव्हरड्राइव्ह निर्दोष सुटला, निदान या आरोपातून.

तरी हाताशी आहे म्हणून त्याची वीज तपासून घेतली. इंजिन बंद, इग्निशन चालू, टॉप गिअर, मग बटण. खालून 'ठक्' असा आवाज आला पाहिजे. पण नुसत्या आवाजावर विसंबू नका, डॅशवरचा अँमीटर बघा. ए-टाइपच्या सॉलेनॉइडमध्ये, म्हणजे आतली दांडी (प्लंजर) विजेने ओढणाऱ्या चुंबकात, दोन वेटोळी असतात. ओढणारं वेटोळं १५-२० अँपिअर खातं आणि प्लंजर पूर्ण आत गेला की आतला संपर्क त्याला तोडतो. मग धरून ठेवायला एखाद अँपिअर पुरतो. म्हणजे काटा उणेकडे झटका खाऊन लगेच परत यायला हवा. तो तिकडेच अडकून राहिला तर ताबडतोब बंद करा. प्लंजर शेवटपर्यंत जात नाहीये आणि सॉलेनॉइड जळायच्या वाटेवर आहे. तिथे बहुधा सॉलेनॉइडने हलणाऱ्या लिव्हरचं सेटिंग हललेलं असतं. सॉलेनॉइड ओढलेल्या स्थितीत लिव्हरचं आणि बॉडीचं भोक एका रेषेत येऊन त्यातून ३/१६ इंची सळई आरपार जायला हवी. एवढ्याशा मापासाठी लोकांनी अख्खी युनिटं उतरवलेली आहेत.

आवाजच नसेल तर गिअरबॉक्सच्या झाकणावरचे स्विच, रिले आणि वायरी बघा. वीज ठीक, लिव्हर ठीक, तरी उशिरा लागतो? तेलाची पातळी बघा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकच तेल पितात, आणि पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो. घर्षण कमी करणारी कुठलीही जादुई बाटली त्यात ओतू नये. कोन क्लच चालतोच मुळी घर्षणावर.

आणि बटण बंद करूनही ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर गाडी रिव्हर्स घेऊ नका. ढकला हवी तर. कोन क्लच आणि रोलर क्लच एकमेकांविरुद्ध अडकतात आणि आतली मोडतोड फार महागात पडते. ओव्हरड्राइव्ह न सुटण्याचं एक साधं कारण, तेलाचा दाब देणाऱ्या-सोडणाऱ्या ऑपरेटिंग व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात अडकलेला कचरा असतं. वरचा प्लग उघडून व्हॉल्व्ह काढता येतो, फक्त त्याआधी इंजिन बंद ठेवून बटण दहा-बारा वेळा चालू-बंद करून दाब उतरवायचा.

तर क्लच. टीआर४ ची एक गंमत म्हणजे गिअरबॉक्स केबिनमधून निघतो. सीटा काढा, मधला टनेल काढा आणि मग दोघांनी मिळून ते धूड उचला. ओव्हरड्राइव्हसकट वजन कंबरेला चांगलंच कळतं. नवऱ्याने एक बाजू धरली, "हे हलकं झालंय का तुझ्या त्या पुस्तकात?" वगैरे ऐकून घेतलं.

प्लेट काळीकुट्ट, तेलाने माखलेली. या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, आटे कापलेला स्क्रोल आहे. तो तेल परत आत ढकलतो, म्हणजे ढकलायला हवं. दोष तिथला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन.

खरी भीती वाटली ती फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारी बेचकी, हलवून बघताना. या गाड्यांत क्लचचा फोर्क आडव्या शाफ्टला एका निमुळत्या पिनने बांधलेला असतो, वरून तार. ती पिन काढली तर मध्यावर केसाएवढी चीर. अजून तुटली नव्हती. तुटली असती तर लक्षण उलटं दिसलं असतं: क्लच घसरण्याऐवजी सुटलाच नसता आणि पहिला गिअर टाकताना करकर झाली असती. अशा वेळी सगळे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब हायड्रॉलिकने क्लचपर्यंत नेणारे) बदलत सुटतात. आधी पेडल दाबायला एकाला बसवा आणि खाली वाकून स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीने मोजा. साधारण अर्धा इंच सरकूनही क्लच सुटत नसेल तर हायड्रॉलिकचा संबंध नाही, घोळ बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आत आहे. दांडी कमी सरकत असेल तर हवा, सील, फुगणारा होज आणि पेडलची झिजलेली क्लेव्हिस पिन, हे सगळं बाहेरून बघता येतं.

नवी पिन घातलीच, शिवाय फोर्क आणि शाफ्ट आरपार भोक पाडून एक जादा बोल्ट टाकला.

गिअरबॉक्स जमिनीवर आहेच तर ओव्हरड्राइव्हही उघडून टाक, असा आग्रह बराच झाला. उघडला नाही. गाळणी धुतली, तेल बदललं आणि आहे तसा परत चढवला. आता त्याच चढावर काटा २,५०० ला लागतो आणि तिथून स्पीडोमीटरच्या काट्याबरोबर हळूहळू वर जातो.