दहावीचा निकाल लागायच्या आधी विचारा

कॅथलिक चर्चमध्ये पुनरुत्थान काळातला (ईस्टरपासूनच्या आठवड्यांतला) चौथा रविवार म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली पाचारणासाठी (धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्याच्या देवाच्या हाकेसाठी) जागतिक प्रार्थना दिन सुरू केला, तो आता याच रविवारी पाळला जातो. ईस्टरच्या तारखेप्रमाणे हा दिवस १२ एप्रिल ते १६ मे यांच्या दरम्यान कुठेतरी येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर या दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि निकाल बहुधा लागायचे असतात. मुलगा घरी असतो, वाडीला पाणी सोडतो, होडीच्या कामात हात लावतो, आणि पुढे काय करायचे ते अजून पक्के झालेले नसते. धर्मगुरू होण्याचा विचार त्याच्यापुढे ठेवायला वर्षात याहून चांगली वेळ सापडत नाही. निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज आणि क्लासची फी सुरू होते, मग त्याच्या कानावर दुसरे काही पडत नाही.

पण बहुतेक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या वस्तीत) त्या रविवारी होते काय? एक प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती आणि फलकावर एक पोस्टर. हे सगळे करावेच. मात्र वेदीवरून केलेले आवाहन प्रत्येक मुलाला शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी आहे असे वाटते. नाव घेऊन एकट्याला विचारले तरच तो विचार करतो. बायबलमधल्या शमुवेलाने रात्री तीनदा हाक ऐकली आणि तिन्ही वेळा तो याजक एलीकडेच धावला. हाक कोणाची आहे ते म्हाताऱ्या एलीने ओळखले, म्हणून चौथ्या वेळी शमुवेलाला उत्तर देता आले. आज एलीची जागा रिकामी आहे. ती आजीने घ्यावी, धर्मशिक्षणाच्या टीचरने घ्यावी, शाळेतल्या सरांनी घ्यावी. चर्चच्या कायद्याचा २३३ वा नियम पाचारण वाढवण्याची जबाबदारी सगळ्या ख्रिस्ती समाजावर टाकतो. एकट्या फादरांचे ते काम नाही.

विचारायचे कसे? साधे वाक्य पुरते: ‘फादर होण्याचा विचार तुझ्या मनात कधी आला का? मला वाटते तुला ते जमेल. घाई नाही, प्रार्थना कर आणि कोणाशी तरी बोल.’ एवढे बोलून थांबावे. उत्तर मागू नये. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा आठवण काढावी, दर रविवारी नव्हे. पाहुण्यांसमोर ‘आमचा हा फादर होणार’ असे आठ वर्षांच्या मुलाबद्दल बोलणे तर कटाक्षाने टाळावे. पुढे त्याचे मन बदलले तरी त्याला माघार घेता येत नाही, आणि सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) ‘घरचे काय म्हणतील’ म्हणून टिकून राहिलेला ब्रदर (तिथला विद्यार्थी) स्वतःचेही नुकसान करतो आणि लोकांचेही. नियम १०२६ प्रमाणे गुरुदीक्षा घेण्यासाठी कोणावरही कसलीही जबरदस्ती करायला सक्त मनाई आहे. प्रेमाचा दबाव हाही दबावच.

कोणाला विचारावे, यात बरेच जण चुकतात. सगळ्यात शांत, सगळ्यात भाविक दिसणारा मुलगा निवडतात. भक्ती हवीच, पण त्यासोबत आणखी काही पाहावे. जुलैच्या पावसात सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) न सांगता येतो का, ओरडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी परत येतो का, अडखळत वाचणाऱ्या लहान मुलाला सांभाळून घेतो का, त्याला मित्र आहेत का, मुलींशी तो सहज आणि आदराने बोलतो का. ज्याला फक्त झगे, धूपदान आणि पहिली जागा आवडते, किंवा जो घरच्या भांडणातून सुटका शोधतो आहे, त्याला आधी ऐकून घ्यावे, मदत करावी. सेमिनरी हा त्यावरचा इलाज नव्हे.

वेदीसेवकांचा, म्हणजे मिस्सात फादरांना मदत करणाऱ्या मुलांचा, गट म्हणजे या कामाचा पाया, आणि तिथेच गळती होते. पहिल्या कम्युनियननंतर मुले उत्साहाने येतात, आठवी-नववीला क्लास सुरू झाले की नाहीशी होतात. अभ्यास हे कारण खरे आहे, पण अर्धेच. चौदा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलाचेच काम दिले तर तो कंटाळणार. मोठ्यांना मोठी कामे द्यावीत: पवित्र आठवड्याच्या विधींची आखणी, लहानांना शिकवणे, धूप आणि मिस्सा ग्रंथ यांची जबाबदारी. आणि आईवडिलांना विचारून अशा दोघातिघांना फादरांनी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जाताना सोबत न्यावे. धर्मगुरू म्हणजे काय ते त्या मुलांना अंथरुणावरच्या म्हातारीच्या खोलीत जेवढे कळते तेवढे वर्षभराच्या वर्गात कळत नाही. जी मुले फादरांना फक्त इमारतीच्या हिशेबात आणि फेस्ताच्या धावपळीत पाहतात, त्यांना हे जीवन हवेसे का वाटावे?

अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर काम करताना काही गोष्टी पक्क्या असाव्यात. शिबिराला पालकांची लेखी परवानगी, प्रत्येक वेळी किमान दोन प्रौढ, एकट्या मुलाशी बोलायचे तर दार उघडे ठेवून, रात्री खाजगी चॅट नाही, झोपण्याची सोय वेगळी. कोणी याला अविश्वास म्हणेल. आईवडील मूल आपल्याकडे सोपवतात, तेव्हा ही काळजी आपल्याकडून आधीच घेतलेली दिसली पाहिजे.

मुलाने ‘हो, विचार करतो’ म्हटले की प्रमुख धर्मगुरूंनी त्याला धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या) पाचारण संचालकांशी जोडून द्यावे. कोणत्या धर्मप्रांताशी, ते घर कुठे आहे त्यावर ठरते. वसई-पालघरकडचा मुलगा १९९८ साली मुंबईतून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताकडे जाईल, कोर्लई-अलिबागचा मुंबई महाधर्मप्रांताकडे, मालवण-सावंतवाडीचा २००५ साली पुण्यातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गाकडे. धर्मप्रांताचा फादर आणि संस्थेचा फादर यांतला फरकही इथेच समजावून द्यावा. धर्मप्रांताचा फादर ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो. जेजुइट, सालेशियन, कपुचिन अशा संस्थांचे फादर गरिबीचेही व्रत घेतात आणि संस्था पाठवील तिथे जातात. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ मुले ओळखीचे फादर जिथले, तिथेच अर्ज करतात.

वाट लांब आहे, ती आकड्यांसकट सांगावी. एक ते दोन वर्षे पूर्वतयारी, बऱ्याच ठिकाणी पदवी, मग तत्त्वज्ञान, मधे साधारण वर्षभर धर्मग्रामात प्रत्यक्ष काम, मग ईशज्ञान (धर्मशास्त्र). तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षे लागतात, त्यांतली दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची धरली जातात. डिकन (धर्मगुरू होण्याआधीची पायरी) व्हायला २३ वर्षे पूर्ण हवीत, धर्मगुरू व्हायला २५, आणि दोन्हींमध्ये किमान सहा महिने. बारावीनंतर धरले तर दहाएक वर्षे जातात. एवढ्या काळात नको वाटले तर डिकन होण्याआधी कोणत्याही टप्प्यावर निघता येते, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

भाषेबद्दल थोडे सविस्तर, कारण आपल्या भागातली मुले इथेच अडखळतात. गोरेगावचे सेंट पायस कॉलेज असो की पुण्याची पेपल सेमिनरी, शिकवणे इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमातला हुशार मुलगा तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षात पानेच्या पाने न कळता पाठ करतो आणि स्वतःला कमी समजू लागतो. पुष्कळदा त्याचे पाचारण डळमळत नाही, त्याचे इंग्रजी डळमळते. म्हणून अकरावीपासूनच रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचन आणि आठवड्याला एक पान लिहून कोणाकडून तरी तपासून घेणे, एवढे धर्मग्रामाने करून द्यावे. निवृत्त शिक्षक प्रत्येक गावात असतात. उलट इंग्रजी माध्यमातल्या मुलाला घरची सामवेदी किंवा वाडवळी बोली छान येते, पण मराठी मिस्सातले वाचन करताना तो जोडाक्षरांवर थांबतो. उद्या तोच आपल्या माणसांना मराठीत प्रवचन देणार आहे. त्याला महिन्यातून एकदा वाचनाची पाळी द्यावी, आणि आदल्या दिवशी ते वाचन दोनदा म्हणून घ्यावे.

कागदपत्रे लवकर पाहावीत. बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला (जुना चालत नाही, कारण पुढच्या नोंदी त्याच नोंदवहीत होतात), दृढीकरण संस्काराचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रे, प्रमुख धर्मगुरूंचे पत्र, वैद्यकीय तपासणी, आणि बहुतेक ठिकाणी आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला. घोळ होतो तो आडनावाच्या स्पेलिंगचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. रॉड्रिग्ज आणि डिमेलो घराण्यांना हे सांगायला नको. दुरुस्तीला वेळ जातो, तेव्हा दहावीतच बघून ठेवावे.

राहिले आईवडील. एकुलता एक मुलगा असला तर ‘आमच्यामागे कोण, होडी कोण चालवणार, वाडी कोण बघणार’ हा प्रश्न खरा आहे. त्याला धर्मवचनाने गप्प करू नये. धर्मप्रांताच्या धर्मगुरूवर गरिबीचे व्रत नसते, वडिलोपार्जित जमिनीवरचा त्याचा हक्क जात नाही, म्हाताऱ्या आईवडिलांची विचारपूस त्याला करता येते, हे स्पष्ट सांगावे. खर्चाची भीती असेल तर सेमिनरी आणि तिथले विद्यार्थी सांभाळण्याची तजवीज करणे हे नियम २६३ प्रमाणे बिशपांचे कर्तव्य आहे. घराकडून किती अपेक्षित आहे ते संचालकांना सरळ विचारावे, लाजू नये. आणि फादरांनी त्या घरी जेवायला जावे, बोलणे तिथेच मोकळे होते.

दोन-तीन वर्षांनी कोणी परत आला तर गावात कुजबुज सुरू होते. नेमकी हीच कुजबुज पुढच्या मुलाला घरातच अडवते. सेमिनरी पारखण्यासाठीच असते, आणि ‘हे माझे नव्हे’ असे प्रामाणिकपणे ओळखलेला मुलगा तिथले शिक्षण घेऊनच आलेला असतो. प्रमुख धर्मगुरूंनी त्याला पहिल्याच आठवड्यात भेटावे, महिन्याच्या आत वाचनाची किंवा धर्मशिक्षणाची पाळी द्यावी, कॉलेजचे वर्ष कसे जोडता येईल ते पाहावे. आणि पुढेमागे दुसऱ्या सेमिनरीत किंवा संस्थेत जायचे त्याच्या मनात आले, तर आधीच्या ठिकाणच्या प्रमुखांकडून तो का निघाला याबद्दलची माहिती मागितली जाते. तेव्हा निघताना भांडून, न सांगता निघू नये, प्रमुखांशी बसून बोलावे आणि पत्र कोणाकडून मिळेल ते विचारून ठेवावे.