पितळी सोऱ्या: आटे जमले, वजन जुळलं, चकती उलटी निघाली

काँप्युटरवर समईचं थ्रीडी मॉडेल करून झाल्यावर पुढे काय घेतलंस असं काही जणांनी विचारलं होतं, तर आईचा पितळी सोऱ्या घेतलाय. तिला तो तिच्या आईकडून आलाय आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी आठ दिवस माळ्यावरून खाली उतरतो. दिवसभर ऑफिसात बिल्डिंगचे प्लॅन टूडीमधे काढायचे आणि रात्री जेवणं उरकली की दीड दोन तास फ्रीकॅड (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), असं पाच आठवडे चाललंय. व्हर्जन १.० वर आहे सगळं, कारण त्यात असेंब्ली (सुटे भाग एकत्र जोडायची सोय) आतच आलीय आणि फेसचे, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागांचे, नंबर बदलून त्यांवर काढलेली स्केच उडायची जुनी कटकट बरीच कमी झालीय, तरी मी अजूनही स्केच शक्यतो ओरिजिनच्या प्लेनवरच लावतो, कुठल्या फेसवर नाही. सवय चांगली आहे, सोडू नका.

समई सोपी होती, अर्धं प्रोफाइल, म्हणजे कडेची रेघ, काढलं आणि रिव्हॉल्व्ह केलं, म्हणजे अक्षाभोवती फिरवलं, की झालं. सोऱ्यात तसं नाही, इथे भाग एकमेकांत बसतात, फिरतात, सरकतात. नळी, वरचं झाकण, त्यातून जाणारा स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर आडवा दांडा, खाली दट्ट्या, नळीच्या तळाला फिरवून बसणारं टोपण आणि त्यात ठेवायच्या पाच चकत्या. नळी बाहेरून ५५ मिमी, आतून ५०, उंची ११०. हे सगळं पहिल्याच रविवारी व्हर्नियरने मोजून वहीत लिहिलं आणि मग स्प्रेडशीटमधे प्रत्येक मापाला नाव देऊन टाकलं, म्हणजे पुढे एक आकडा बदलला की सगळं आपोआप बदलतं. नळी, झाकण, टोपण एका रात्रीत झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरं काम आट्यांचं.

स्क्रूचा बाहेरचा व्यास १६ मिमी. पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, मोजायला मी आधी एकेका आट्यावर व्हर्नियर लावत होतो आणि दर वेळी वेगळं यायचं, ४.१, ४.३, ४.२, कारण आटे झिजून कडा गोल झाल्यात, व्हर्नियरचा जबडा नेमका कुठे टेकतोय तेच कळत नाही. मग दहा आट्यांचं माप एकदम घेतलं, तीन वेळा, ४२.३ आलं तिन्ही वेळा. म्हणजे एक आटा ४.२३. आता ४.२३ असा पिच मेट्रिकमधे कुठे ऐकलाय का कुणी? मी दोन दिवस ४ धरू की ४.२५ धरू करत बसलो होतो आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात आलं की २५.४ भागिले ६ करून बघूया. ४.२३३. इंचाला सहा आटे! ज्याने कुणी हा स्क्रू लेथवर काढला त्याच्या मशीनचा लीड स्क्रू (आटे कापताना हत्यार सरकवणारा) इंचाचा होता, त्याने गिअर लावले सहाचे आणि काढले आटे, इतकं सरळ होतं ते. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून लागू व्हायला लागली हे माहितेय, पण त्यावरून सोऱ्या त्याआधीचा असं मी म्हणणार नाही, इंचाच्या लेथ त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिल्या. पण मला एवढा आनंद झाला ना तो आकडा जुळल्यावर, की स्प्रेडशीटमधे मी ४.२३ लिहिलंच नाही, २५.४ भागिले ६ असंच लिहिलंय. अठ्ठावीस आट्यांत मिळून फरक पडतो जेमतेम ०.०९ मिमीचा, तरीही. उद्या कुणी फाइल उघडली तर त्याला कळलं पाहिजे की हा आकडा कुठून आलाय.

आता आटे कापायची पद्धत, कारण बरेच जण इथेच अडकतात. आधी १६ चा भरीव दांडा पॅड करून, म्हणजे गोलाच्या स्केचला लांबी देऊन, घ्यायचा, मग त्याच्या बाजूला चराचं प्रोफाइल काढायचं, माझ्याकडे ते साधारण चौकोनी पण बाजू किंचित तिरक्या असं आहे, खोली २ मिमी आणि तळाशी रुंदी २, आणि मग सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स, म्हणजे ते प्रोफाइल दांड्याभोवती गोल गोल फिरवत नेऊन चर कापायचा. पहिल्या तीन वेळा एरर, चौथ्यांदा आटे आले पण निम्मा दांडाच गायब. कारण असं की प्रोफाइलची बाहेरची रेघ मी बरोबर ८.० त्रिज्येवर ठेवली होती, म्हणजे दांड्याच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून, आणि दोन पृष्ठभाग असे नेमके एकावर एक आले की आतलं गणित गोंधळतं. रेघ ०.२ मिमी बाहेर हवेत सरकवली आणि लगेच झालं. दुसरी गोष्ट, चराची रुंदी वरच्या बाजूला पिचपेक्षा स्पष्ट कमी ठेवा, शेजारचे दोन वेढे एकमेकांना शिवले की परत तेच रडगाणं. झाल्यावर चेक जॉमेट्री (मॉडेलमधल्या चुका शोधणारं टूल) चालवून बघा, डोळ्याला चांगलं दिसतं म्हणून सोडून देऊ नका, मी समईच्या वेळी तसं सोडलं होतं आणि ड्रॉइंग काढताना ते नडलं होतं.

झाकणातले आतले आटे त्याच प्रोफाइलने कापले, फक्त सगळीकडून ०.२ मिमी सैल. मूळ सोऱ्यात तर त्याहून जास्त खुळखुळतं, पण ती झीज आहे, ती मॉडेलमधे घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी झीज घेतली नाही. चकतीच्या बाबतीत मात्र उलट ठरवलं, ते पुढे येईल.

मग वजन. हे मी पहिल्यांदाच केलं आणि आता प्रत्येक वस्तूला करणार. सगळे भाग झाल्यावर पायथन कन्सोलमधे (फ्रीकॅडला लिहून आज्ञा द्यायची खिडकी) एकेका भागाचा व्हॉल्यूम काढला, बेरीज आली १३०.८ घनसेमी. पितळेची घनता ८.५ धरली तर १११२ ग्रॅम. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर खरा सोऱ्या, पाचही चकत्यांसकट, १०५४. म्हणजे ५८ ग्रॅम मी जास्तीचं पितळ ओतलंय कुठेतरी. घनता थोडी इकडे तिकडे असू शकते, तांबं आणि जस्त किती त्यावर ती साधारण ८.४ ते ८.७ मधे फिरते, पण ८.४ धरली तरी १०९९ येतात, मेळ बसत नाही. मग भाग सुटे करून एकेक काट्यावर ठेवला. नळी बरोबर, झाकण बरोबर, टोपण दोन ग्रॅम इकडे तिकडे, चकत्या बरोबर. राहिला स्क्रू, त्याला आडवा दांडा डाग देऊन पक्का केलाय त्यामुळे तो सुटा होत नाही, आणि फरक सगळा तिथेच.

दांडा १२ मिमी जाड, १३० लांब, दोन्ही टोकांना गोल बोंडं. मी तो भरीव धरला होता कारण दिसतो तसा. चमच्याने स्क्रूवर टिचकी मारली, आवाज बद्द. दांड्यावर मारली, टणत्कार. पोकळ आहे! बारीक पाइप कापून दोन्ही टोकं बोंडांनी बंद केलीत. इतकी वर्षं घरात आहे, आईलाही माहीत नव्हतं. भिंत २ मिमीची धरून ८ चं भोक आरपार काढलं तर ५६ ग्रॅम उतरले आणि एकूण वजन १०५६ वर आलं. भिंत नेमकी २ आहे की १.९ हे या हिशोबातून सांगता येत नाही, घनतेच्या अंदाजातच तेवढा फरक गिळला जातो, पण पोकळ आहे हे नक्की आणि ते व्हर्नियरने कधीच कळलं नसतं.

चकलीच्या चकतीचं भोक चांदणीसारखं, सहा टोकांचं. सोपा मार्ग म्हणजे एक टोक काढायचं आणि पोलर पॅटर्नने, म्हणजे तेच गोलात फिरवून, सहा करायची. मी तसं केलंही, आणि खऱ्या चकतीशेजारी ठेवून बघितलं तर ती दुसऱ्याच कुणाची तरी चकती वाटत होती. ही चांदणी कानसीने हाताने काढलेली आहे, एक टोक लांबट आहे, समोरचं बोथट, दोघांच्या मधे कानस घसरल्याची छोटी रेघसुद्धा आहे. म्हणून चकती स्कॅनरवर ठेवली, बाजूला स्टीलची पट्टी ठेवली, ती इमेज आत घेऊन पट्टीवरून स्केल जुळवला आणि सहाही टोकं वेगवेगळी गिरवली. ही झीज नाहीये, हा करणाऱ्याचा हात आहे, म्हणून तो ठेवला. दोन संध्याकाळी गेल्या, पण गेल्या त्या बऱ्या गेल्या.

त्यातून एक मजेशीर हिशोब निघाला. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे दट्ट्या ४.२३ मिमी खाली, नळीचा आतला व्यास ५०, म्हणजे एका फेऱ्यात ८.३ घनसेमी पीठ बाहेर. चांदणीचं क्षेत्रफळ मॉडेलमधून आलं ०.५२ चौसेमी. भागलं तर एका फेऱ्याला १६ सेमी चकली. तीन वेढ्यांची मध्यम चकली उलगडली तर तीस बत्तीस सेमी भरते, म्हणजे दोन फेरे. आईला विचारलं एका चकलीला किती वेळा फिरवतेस, तिने हवेत हात फिरवून बघितला आणि म्हणाली, दोनदा, घट्ट झालं पीठ तर थोडं जास्त. मी वही दाखवली तिला.

असेंब्लीत स्क्रू जॉइंट आहे, त्यात पिच दिला की दांडा फिरवल्यावर दट्ट्या खरंच खाली जातो, व्हिडिओ काढलाय.

आता दाखवायचं कसं यावर थोडं जास्त लिहितो, कारण मॉडेल करून झालं की आपण एक चकचकीत चित्र काढतो आणि थांबतो. सोनेरी पितळ, मागे काळा पडदा, दिसतं छानच, मीही काढलंय, पण त्यात सोऱ्या काय करतो ते कळत नाही. सोऱ्याचं सगळं पोटात आहे. म्हणून ए३ वर टेकड्रॉमधे (फ्रीकॅडचा ड्रॉइंग काढायचा भाग) उभा सेक्शन, म्हणजे मधोमध कापल्यासारखा छेद, घेतला. व्ह्यूंची मांडणी फर्स्ट अँगल ठेवली, आपल्याकडे शिकवतात तशी, टॉप व्ह्यू खाली. पहिल्या सेक्शनमधे सगळंच कापलं गेलं, स्क्रूसुद्धा, आणि हॅचिंगच्या, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या, रेघांत नळी कुठली स्क्रू कुठला काही समजेना. ड्रॉइंगचा नियमच आहे ना की स्क्रू, शाफ्ट, पिन लांबीत आले तर कापायचे नाहीत, ते अख्खे दाखवायचे. तो नियम परीक्षेसाठी पाठ केला होता, तो का आहे ते आत्ता डोळ्यांनी दिसलं. टेकड्रॉ आपणहून ते करत नाही, मग मी मॉडेलमधेच नळी, झाकण, टोपण, चकती यांच्यातून अर्धा ठोकळा वजा केला, स्क्रू आणि दांडा तसेच ठेवले, दट्ट्या मात्र कापला, आणि त्याचा साधा व्ह्यू घेऊन कापलेल्या फेसवर हाताने हॅच भरला. नळीला ४५ अंश एका बाजूला, झाकणाला उलट बाजूला, दट्ट्याला रेघा जवळ जवळ. मधोमध अख्खा स्क्रू उभा राहिला आणि एकदम सगळं वाचता यायला लागलं.

एक लक्षात ठेवा, खरे हेलिक्सवाले आटे ड्रॉइंगमधे घेतले की पान दर वेळी अडकून बसतं, माझ्या लॅपटॉपला तर चार चार मिनिटं. ड्रॉइंगसाठी स्क्रूची बिनआट्यांची वेगळी बॉडी ठेवा आणि आटे नेहमीच्या बारीक रेघेने दाखवा. खरे आटे फक्त चित्रासाठी.

मग एक्सप्लोडेड व्ह्यू. सगळे भाग एका उभ्या रेषेत सुटे, वरून खाली स्क्रू, झाकण, नळी, चकती, टोपण, प्रत्येकाला गोलात नंबर. शनिवारी ए३ ची प्रिंट काढून आणली आणि ओट्यावर ठेवली. आईने चष्मा लावला, नंबर एक एक करत बोट खाली आणलं, चकतीपाशी थांबली आणि म्हणाली, "अरे ही उलटी ठेवलीयस तू."

मी म्हटलं दोन्ही बाजू सारख्याच आहेत. तिने डब्यातून खरी चकती काढून माझ्या बोटाखाली धरली. एका बाजूने चांदणीची कड धारदार लागते, दुसऱ्या बाजूने किंचित उतरती, म्हणजे भोक आत मोठं आणि बाहेर लहान. उतरती बाजू पिठाकडे. "उलटी बसली की काटे येत नाहीत चकलीला, गुळगुळीत दोरी पडते." स्कॅनरने मला फक्त एकच बाजू दिली होती आणि मी ती सरळ खाली पॅड करून मोकळा झालो होतो, जाडीत काय चाललंय ते बघितलंच नव्हतं.

काल रात्री ते दुरुस्त केलं. दुसऱ्या बाजूचाही स्कॅन घेतला, दोन्ही चांदण्या समोरासमोर ठेवून मधे लॉफ्ट केला, म्हणजे एका आकारापासून दुसऱ्यापर्यंत सलग भाग जोडला, सहा टोकं असल्यामुळे लॉफ्ट एकदा पिळला गेला, दोन्ही स्केचमधे बिंदूंचा क्रम सारखा ठेवल्यावर सरळ झाला. जाडी ३ मिमी, त्यात भोकाच्या प्रत्येक कडेला साधारण ०.४ चा उतार. क्षेत्रफळ मी धारदार बाजूचंच घेतलं होतं त्यामुळे १६ सेमीचा हिशोब तसाच राहतो. सेक्शनमधे हा उतार दिसतच नाही इतका बारीक आहे, म्हणून चकतीचा एक वेगळा डिटेल व्ह्यू ५:१ ला काढतोय आणि तिथे बाणाने लिहिणार आहे, पिठाची बाजू.

बाकी चार चकत्यांपैकी शेवेच्या दोन नीट तपासायच्या उरल्यात. बारीक शेवेच्या चकतीला मधे एक आणि भोवती ६, १२, १८, २४ अशी वर्तुळं, म्हणजे ६१ भोकं व्हायला हवीत, पण मोजली तर साठच भरतात. बाहेरच्या वर्तुळात एका जागी ठोक्याची खूण आहे आणि भोक पाडलेलंच नाही. ते तसंच ठेवणारे.